फरीना : पिठाचे नाव लाभलेले ओसाड गाव

(पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर. त्या दिवशी ज्यांना येता आले नाही अशा पालकांसाठी व विद्यार्थ्यांसाठी तो येथे देत आहोत.)



पारितोषिकांच्या दिवशी पाहुण्याने मोठ्या माणसांच्या यशाच्या गोष्टी सांगाव्यात, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी मात्र आज एका फसलेल्या गावाची गोष्ट सांगणार आहे. मी आयुष्यभर भूगोल शिकवला. भूगोलाच्या पुस्तकात वसलेली गावे असतात, उजाड झालेली नसतात. पण माझा अनुभव असा, की वसलेल्या गावापेक्षा उजाड गाव माणसाला अधिक शिकवते. म्हणून थोडा वेळ धीर धरून ऐकावे, ही विनंती.

ऑस्ट्रेलिया खंडाच्या दक्षिणेला साउथ ऑस्ट्रेलिया नावाचे राज्य आहे. त्याची राजधानी ॲडलेड. तेथून उत्तरेकडे सहाशे किलोमीटरांहून अधिक गेले म्हणजे वाळवंटाच्या उंबरठ्यावर दगडी भिंतींचे काही सांगाडे उभे दिसतात. छपरे नाहीत, दारे नाहीत. हॉटेलाच्या भिंती आहेत, पण मुक्कामाला कोणी नाही. बाजूने रेल्वेचा भराव गेलेला आहे, पण त्यावरून गाडी जात नाही. या जागेचे नाव फरीना. हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ होतो पीठ. ज्या भूमीत गव्हाची एक लोंबी धड पिकली नाही, त्या गावाचे नाव पीठ! हे नाव कसे पडले, यातच सगळी कहाणी आहे.

या जागेचे आधीचे नाव होते गव्हर्न्मेंट गम्स. गम म्हणजे निलगिरीच्या जातीचे झाड. ओढ्याकाठी अशी झाडे होती, गुरे घेऊन जाणारे तेथे थांबत. त्या मुलखातले मूळ रहिवासी हजारो वर्षे तेथे राहत आले होते. पाणी कोठे सापडते आणि किती दिवस पुरते, हे त्यांना ठाऊक होते. पण नव्याने आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांना काही विचारले नाही. १८७८ साली सरकारने येथे गावाची आखणी केली, रस्ते पाडले, चौकोनी भूखंड मोजले आणि नाव ठेवले फरीना. कल्पना अशी, की येथे गव्हाचे मळे डोलतील आणि आगगाडी ते धान्य बंदराला नेईल.

आता कोणी म्हणेल, त्यांना काय ठाऊक असणार? नवा मुलूख, नवे लोक! पण खरी गोष्ट तशी नाही. ठाऊक होते. लेखी ठाऊक होते. या वसाहतीच्या मोजणी खात्याचा प्रमुख जॉर्ज गॉयडर नावाचा अधिकारी होता. १८६४-६५ साली मोठा दुष्काळ पडला, तेव्हा सरकारने त्याला सांगितले, दुष्काळाचा तडाखा कोठपर्यंत बसला आहे ते पाहून ये. गॉयडर घोड्यावर बसून शेकडो मैल हिंडला. त्याने जमीन पाहिली, झाडोरा पाहिला. खारवट जमिनीतली झुडपे कोठून सुरू होतात याची नोंद केली. आणि १८६५ साली त्याने नकाशावर एक रेघ ओढली. रेघेच्या दक्षिणेला शेती करा. उत्तरेला करू नका, तेथे पावसाचा भरवसा नाही. तेथे फक्त गुरे-मेंढ्या चाराव्यात. ही रेघ आजही गॉयडरची रेघ म्हणून ओळखली जाते. वर्षाकाठी साधारण १० ते १२ इंच पाऊस जेथे पडतो, तेथून ती जाते.

मित्रांनो, फरीना या रेघेच्या उत्तरेस दोनशे किलोमीटरांहूनही अधिक अंतरावर आहे.

मग गाव वसले कसे? १८७२ च्या कायद्याने रेघेच्या आतलीच जमीन शेतीसाठी उधारीवर विकावी असे ठरले होते. पण त्यानंतर काही वर्षे पाऊस चांगला झाला. रेघेपलीकडेही हिरवळ दिसू लागली. लोक गॉयडरला हसू लागले. जमीन हवी असलेल्यांनी ओरड केली आणि १८७४ साली ती अट काढून टाकण्यात आली. त्या काळी एक समजूतही पसरली होती, की जेथे नांगर जातो तेथे त्याच्या मागून पाऊस येतो. जमीन नांगरली, की हवामान आपोआप सुधारते! ही समजूत अडाणी माणसांचीच होती असे नाही. चांगले शिकलेले लोक, पुढारी लोक ती बोलून दाखवीत. चार चांगली वर्षे पाहून माणसाने पन्नास वर्षांचा हिशेब बांधला. १८८० पासून पुन्हा कोरडी वर्षे आली. रेघेपलीकडे गेलेली कुटुंबे कर्जात बुडाली, घरे टाकून माघारी फिरली. त्यांच्या दगडी घरांचे अवशेष त्या प्रदेशात ठिकठिकाणी आढळतात. गॉयडरची रेघ खरी ठरली. पण ती खरी ठरल्याचा आनंद कोणाला होणार?

तरीही फरीना लगेच मेले नाही. त्याला आगगाडीने जगवले. समुद्रकाठच्या पोर्ट ऑगस्टा बंदरापासून उत्तरेकडे साडेतीन फूट रुंदीचा लोहमार्ग टाकण्याचे काम १८७८ साली सुरू झाले होते. १८८२ साली तो फरीनाला पोहोचला आणि फरीना हे त्या मार्गावरचे शेवटचे स्टेशन झाले. शेवटच्या स्टेशनाची एक ऐट असते. रूळ तेथे संपतात, म्हणून सगळा माल तेथे उतरतो. पुढच्या शेकडो मैलांवरच्या मेंढपाळ मालकांचे पीठ, साखर, चहा, तारेची भेंडोळी, औषधे तेथे येत आणि त्यांची लोकर तेथे येऊन गाडीत चढे. गावात दोन हॉटेले झाली, दुकाने झाली, बँक आली, लोहार बसले, शाळा आली, पोलिस चौकी आली. जमिनीखाली भट्टी असलेली एक बेकरी झाली. भरभराटीच्या दिवसांत गावाची वस्ती सुमारे तीनशेपर्यंत गेली होती असे सांगतात.

आणि आता या गोष्टीत आपली माणसे येतात.

रूळ संपल्यावर पुढे माल कोण नेणार? घोडा आणि बैल वाळवंटात टिकत नव्हते. त्यांना पाणी लागते. म्हणून उंट आणले गेले आणि उंटांबरोबर उंटवाले. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या प्रसिद्ध मोहिमेसाठी कराचीहून चोवीस उंट नेण्यात आले. १८६६ साली टॉमस एल्डर नावाच्या धनिकाने कराचीहूनच शंभराहून अधिक उंट आणि त्यांच्यासोबत माणसे आणविली. विद्यार्थी मित्रांनो, त्या काळी सिंध प्रांत मुंबई इलाख्यात मोडत होता. म्हणजे ही माणसे ज्या बंदरातून जहाजात बसली, त्याचा कारभार आपल्याच मुंबईच्या लाटसाहेबाकडे होता. या उंटवाल्यांत अफगाण होते, बलुच होते, पंजाबी होते, सिंधी होते, पेशावरकडचे पठाण होते. तिकडच्या लोकांनी सगळ्यांना एकच नाव दिले, अफगाण. आणि त्याचेही तोडून केले घान. पुढे याच मार्गावर धावणाऱ्या प्रवासी गाडीला ‘द घान’ हे नाव मिळाले, ते या उंटवाल्यांवरूनच, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

१८६० ते १९२० या काळात असे दोन ते चार हजार उंटवाले ऑस्ट्रेलियात गेले असावेत असा अंदाज आहे. बहुतेक सर्व मुसलमान. बहुतेक एकटे, बायका-मुले मायदेशी ठेवून करारावर गेलेले. एक दांडगा उंट चारशे किलोपर्यंत ओझे वाही. ओळीने बांधलेले चाळीस-पन्नास उंट, पुढे एक मनुष्य, मागे एक मनुष्य, आणि आठवडेच्या आठवडे वाट. तारायंत्राचे सामान त्यांनी नेले, खाणीचे सामान नेले, दुष्काळात अडकलेल्या माणसांना अन्न पोहोचविले.

फरीनाच्या पुढे पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवर मारी नावाचे गाव आहे. १८८४ साली रूळ तेथपर्यंत गेले. त्या दिवशी फरीनाचे शेवटचे स्टेशन हे पद गेले. अवघ्या दोन वर्षांचे ते राज्य! उंटांचा मोठा तळ मारीला पडला. तेथे उंटवाल्यांनी मातीच्या भिंतींची, गवताने शाकारलेली छोटी मशीद बांधली. त्या देशातल्या सर्वांत जुन्या मशिदींत तिची गणना होते. पण मारी गावात रुळांच्या एका बाजूला गोरे राहत आणि दुसऱ्या बाजूला उंटवाले व मूळ रहिवासी. ज्या आगगाडीसाठी हे लोक उंट हाकीत होते, तिच्याच रुळांनी गावाची दोन गावे केली होती. फरीनाच्या कब्रस्तानातही मुसलमान उंटवाल्यांच्या कबरी आहेत, त्याही इतरांपासून बाजूला.

१९०१ साली तिकडे परदेशी लोकांना अडविणारा कायदा झाला. त्यात एक परीक्षा होती. कोणत्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचे श्रुतलेखन! भाषा कोणती, ते अधिकारी ठरविणार. आम्ही शिक्षक श्रुतलेखन घालतो ते मुलाला शब्द यावा म्हणून. तेथे ते घालीत माणसाला बाहेर ठेवता यावे म्हणून. उंटवाल्याला आपल्या आईबापांना भेटायला मायदेशी यायचे असेल, तर परत जाण्यासाठी सवलतीचा दाखला लागे. त्यावर फोटो आणि हाताचा ठसा. आणि त्या कागदांवर नावे कशी लिहिली गेली? कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी. एकाच माणसाचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेले सापडते. पुष्कळांचा थांगपत्ता त्यामुळेच लागत नाही.

मग मोटार आली. १९२० नंतर लॉरी वाळवंटातही जाऊ लागली. उंटाचे महिनाभराचे काम ती काही दिवसांत करू लागली. १९२५ साली साउथ ऑस्ट्रेलियात उंट मारण्याची मुभा देणारा कायदा झाला. ज्या जनावराला पोटच्या पोरासारखे वाढविले त्याला गोळी कशी घालणार? पुष्कळांनी आपले उंट रात्री रानात सोडून दिले. त्या उंटांची प्रजा पुढे रानटी होऊन लाखोंच्या संख्येने वाढली. उंट वाढले, उंटवाले संपले.

आणि फरीना? आगगाडी १८९१ साली उडनाडट्टाला आणि १९२९ साली ॲलिस स्प्रिंग्सला पोहोचली. फरीना मधले एक स्टेशन होऊन राहिले. १९५४ पासून डिझेल इंजिने आली. वाफेच्या इंजिनाला जागोजागी थांबून पाणी घ्यावे लागे, ती गरज उरली नाही. गाडीला थांबण्याचे कारण राहिले नाही आणि माणसांना राहण्याचे. पुरात रूळ वाहून जात, वाळवीने स्लीपर खाल्ले जात, म्हणून शेवटी १९८० साली पश्चिमेकडून नवा मार्ग काढण्यात आला. मारीच्या पुढचा जुना मार्ग बंद झाला, मारीपर्यंतचाही त्याच दशकात बंद पडला. तोवर फरीनाची घरे रिकामी होऊन गेली होती.

आता मी माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. आणि येथे मला माझीच एक चूक कबूल करावयाची आहे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. गणितात असा तरबेज, की फळ्यावर उदाहरण लिहून होण्याआधी त्याचे उत्तर तयार असे. त्याचे वडील छापखान्यात खिळे जुळवीत. सचोटीचा, कसबी माणूस. आठवी झाल्यावर त्यांनी मुलाला शाळेतून काढून स्वतःबरोबर नेले. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, “सर, खिळे जुळवणारा कधी उपाशी मरत नाही. जगात कागद आहे तोवर आमचे काम आहे.” मला उत्तर सुचले नाही. मी चहा पिऊन परत आलो, पुन्हा गेलो नाही. काही वर्षांतच ऑफसेट आले, संगणक आले. जगात कागद राहिला, उलट वाढला. पण खिळे वितळवून विकले गेले. तो मुलगा पुढे मला बाजारात भेटे, अदबीने सलाम करी. त्याने मला कधी दोष दिला नाही. त्याने दिला असता तर बरे झाले असते.

फरीनाचे वाचले तेव्हा मला त्याच्या वडिलांचे वाक्य आठवले. गाव मेले ते आळसाने नाही. तेथले लोक कष्टाळू होते. उंटवाल्यांइतके कष्ट तर कोणी केले नसतील. पण आगगाडी पुढे निघून गेली, मग लॉरी आली, आणि ज्याच्या हातात एकच कसब होते त्याच्या हातात काही उरले नाही. कसब वाईट नव्हते. एकच होते, हे वाईट होते.

पालकांनो, मी तुमच्या धंद्याला कमी लेखत नाही. दुकान, गॅरेज, माग, शिलाई, मासळी, यांवर आपली घरे उभी आहेत. मुलाला हात चालवायला शिकवाच. पण शाळा सोडवून नव्हे. तुमचा धंदा आज शेवटचे स्टेशन असेल, सारा माल तुमच्या दारात उतरत असेल. रूळ उद्या पुढे सरकणार नाहीत, याची हमी कोण देणार? चार चांगल्या वर्षांवरून पुढच्या पन्नास वर्षांचा हिशेब बांधू नका. आणि एखादा शिक्षक गॉयडरसारखा घरी येऊन सांगू लागला, की या मुलीला पुढे शिकवा, तिची झेप मोठी आहे, तर त्याला हसू नका. त्याने मुलीची वही पाहिलेली असते.

विद्यार्थ्यांनो, तुम्हाला दोन उदाहरणे सांगतो. मारीला दरवेश बेजाह नावाचे बलुच उंटवाले होते. १८९६ साली वाळवंटात गेलेल्या एका शास्त्रीय मोहिमेचे उंट त्यांनी सांभाळले. तहानेने माणसे मेली अशी ती मोहीम. तिचा प्रमुख लॉरेन्स वेल्स याने त्यांच्या इमानाची कदर म्हणून स्वतःचे होकायंत्र त्यांना भेट दिले. त्यांचा मुलगा जॅक पुढे १९३९ साली सिम्सन वाळवंट ओलांडणाऱ्या मॅडिगन यांच्या मोहिमेत गेला. बापाची वाट मुलाला ठाऊक होती. असे इमान आणि असे कसब आपल्यापाशी असावे.

दुसरे उदाहरण मुहम्मद हसन मुसाखान यांचे. हे शिकलेले गृहस्थ. त्यांच्या ध्यानात आले, की म्हातारे उंटवाले एकामागून एक अल्लाला प्यारे होत आहेत आणि त्यांनी काय केले हे लिहून ठेवणारा कोणी नाही. १९३२ साली त्यांनी ऑस्ट्रेलियातील मुसलमानांचा इतिहास संकलित करून ॲडलेडहून प्रसिद्ध केला. लहानसे पुस्तक, आपल्या या स्मरणिकेसारखेच समजा. आज उंटवाल्यांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला ते हाती घ्यावेच लागते. उंटवाल्यांनी पदरचा पैसा घालून १८८८-८९ साली ॲडलेड शहरात बांधलेली मशीद आजही उभी आहे. उंट गेले, रूळ गेले; राहिले काय? सगळ्यांनी मिळून उभारलेली वास्तू आणि एकाने लिहिलेले पुस्तक.

शेवटी फरीनाची एक गोड गोष्ट सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी थोड्या स्वयंसेवकांनी त्या पडक्या भिंती सावरण्यास सुरुवात केली. जमिनीखालची जुनी भट्टी त्यांनी दुरुस्त केली. आता दर हिवाळ्यात काही आठवडे ते तेथे जातात, भट्टी पेटवतात, पाव भाजतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विकून त्या पैशातून भिंतींची डागडुजी करतात. पीठ नाव असलेल्या गावात अखेर भाकरीचा वास सुटतो. पण ते पीठ दुसरीकडच्या शेतातून आलेले असते, जेथे पाऊस पडतो, गॉयडरच्या रेघेच्या अलीकडे.

जमीन पाहून पेरा, एवढेच माझे म्हणणे. आणि मुलांच्या बाबतीत बोलायचे तर ही जमीन उत्तम आहे, पाऊसही आहे. शाळेचे दार उघडे आहे. पेरायचे तेवढे राहू देऊ नका.